घरोघरी पोहोचलेला उद्योजक : अ‍ॅक्सेल वेनर-ग्रेन

झाडूने केर काढताना धूळ उडते आणि थोड्याच वेळात ती पुन्हा घरातच खाली बसते. ही धूळ हवेबरोबर ओढून पिशवीत साठवणाऱ्या यंत्राला ‘व्हॅक्यूम क्लीनर’ म्हणतात. अ‍ॅक्सेल वेनर-ग्रेन या यंत्राचे जनक नव्हते. परंतु मोजक्या श्रीमंतांपुरते असलेले हे यंत्र सामान्य कुटुंबांपर्यंत नेणाऱ्यांत या स्वीडिश उद्योजकाचे नाव अग्रभागी आहे.

त्यांचा जन्म ५ जून १८८१ रोजी स्वीडनमधील उद्देवाला या बंदराच्या गावी झाला. तरुणपणी त्यांनी गोथेनबर्ग शहरात मसाल्याच्या आयातीचा व्यवसाय करणाऱ्या एका पेढीत नोकरी केली. १९०२ मध्ये ते जर्मनीस गेले. तेथे त्यांनी व्यापाराचे शिक्षण घेतले आणि दुधातून साय वेगळी करणारी यंत्रे विकण्याचे काम केले. मालाचे गुण तोंडाने सांगण्यापेक्षा ते प्रत्यक्ष दाखवणे अधिक परिणामकारक ठरते, हे पुढे त्यांच्या साऱ्या व्यवसायाचे सूत्र झाले.

१९०८ साली व्हिएन्नामध्ये एका दुकानाच्या काचेमागे त्यांना ‘सँटो’ नावाचे धूळ ओढणारे यंत्र दिसले. ते अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात तयार झालेले होते. त्याचे वजन सुमारे २० किलो होते आणि किंमतही सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरची होती. हे यंत्र हलके आणि स्वस्त झाले, तर प्रत्येक घराला ते हवेसे वाटेल, हा विचार तेव्हा त्यांच्या मनात रुजला. दुसऱ्याच वर्षी मार्गारीट लिगेट या अमेरिकन तरुणीशी त्यांचा विवाह झाला.

स्टॉकहोममधील ‘लक्स’ ही कंपनी रॉकेलचे दिवे तयार करीत असे. विजेचे दिवे आल्यामुळे तिचा धंदा मंदावू लागला होता. नव्या उत्पादनाची गरज असलेल्या या कंपनीला वेनर-ग्रेन यांनी धूळ ओढणाऱ्या यंत्राची कल्पना पटवून दिली. १९१२ मध्ये १४ किलो वजनाचे ‘लक्स १’ हे यंत्र बाजारात आले. १९१९ मध्ये ‘लक्स’ आणि ‘एलेक्ट्रॉन’ या कंपन्या एकत्र येऊन ‘इलेक्ट्रोलक्स’ उभी राहिली. १९२१ च्या यंत्राला बर्फावरील घसरगाडीसारख्या पट्ट्या होत्या. त्यामुळे ते उचलून न घेता जमिनीवरून सहज ओढता येई.

आता त्यांनी अमेरिकेकडे मोहरा वळवला. ज्या देशातून मूळ कल्पना मिळाली, त्याच देशाला तिचे सुधारलेले रूप विकणे हे मोठे धाडस होते. तेथे ‘हूव्हर’सारख्या कंपन्यांची उभी यंत्रे आधीच घराघरांत गेली होती. १९२४ पासून इलेक्ट्रोलक्सची यंत्रे अमेरिकेत विकली जाऊ लागली. दुकानात ग्राहकाची वाट पाहत न बसता कंपनीचे विक्रेते स्वतः यंत्र घेऊन दारोदार फिरत. गृहिणीच्या डोळ्यांदेखत ते गालिचा स्वच्छ करून दाखवत. एकरकमी पैसे देणे ज्यांना शक्य नसे, त्यांच्यासाठी हप्त्यांची सोय होती. पुढे १९३० च्या दशकात कनेक्टिकट राज्यातील ओल्ड ग्रिनिच येथे अमेरिकेतच उत्पादन होऊ लागले.

दुसरे साधन होते शीतकपाटाचे. १९२२ मध्ये बाल्ट्झार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुन्टर्स या स्टॉकहोमच्या दोन विद्यार्थ्यांनी एक विलक्षण यंत्र तयार केले. त्यात मोटार नव्हती. ज्योतीच्या किंवा विजेच्या उष्णतेने त्यातील अमोनियाचे चक्र चालू राही आणि त्यातून थंडावा निर्माण होई. फिरणारे भाग नसल्यामुळे आवाजही होत नसे. वेनर-ग्रेन यांनी या शोधाचे मोल ओळखले आणि १९२५ मध्ये इलेक्ट्रोलक्सने ही शीतकपाटे बाजारात आणली. अमेरिकेत ती बनवण्याचे हक्क इंडियाना राज्यातील ‘सर्व्हेल’ कंपनीने घेतले. त्या काळी अमेरिकेतील बहुतेक शेतघरांत वीज पोहोचली नव्हती. रॉकेलवर चालणाऱ्या शीतकपाटाने अशा घरांतही दूध आणि अन्न टिकवता येऊ लागले.

या यशाने वेनर-ग्रेन जगातील अतिश्रीमंतांत गणले जाऊ लागले. सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मन पाणबुडीने ‘अथेनिया’ हे प्रवासी जहाज बुडवले, तेव्हा त्यांच्या ‘सदर्न क्रॉस’ या नौकेने तीनशेहून अधिक प्रवाशांना वाचवले. परंतु युद्ध टळावे म्हणून त्यांनी जर्मन नेता गोरिंग याच्याशी संपर्क साधला होता. त्या संपर्काने त्यांच्याभोवती संशयाचे जाळे विणले गेले. जानेवारी १९४२ मध्ये अमेरिकेने त्यांचे नाव काळ्या यादीत घातले. त्यांच्यावर हेरगिरीचा आरोप न्यायालयात कधीही सिद्ध झाला नाही. तरीही युद्धाचा काळ त्यांना मेक्सिकोत काढावा लागला. ज्या अमेरिकेत त्यांचे विक्रेते हजारो घरांचा विश्वास मिळवत होते, तिच्याच शासनाचा विश्वास मात्र ते गमावून बसले.

१९४१ मध्ये त्यांच्या देणगीतून न्यूयॉर्क येथे स्थापन झालेला ‘व्हायकिंग फंड’ मात्र टिकला. पुढे त्याला त्यांचेच नाव देण्यात आले. मानववंशशास्त्राच्या संशोधनाला ही संस्था आजही साहाय्य करते. २४ नोव्हेंबर १९६१ रोजी स्टॉकहोम येथे त्यांचे निधन झाले. त्यानंतर लवकरच त्यांचा आर्थिक डोलारा कोसळला आणि अफाट वाटणारी संपत्ती कर्जात बुडाली.

इलेक्ट्रोलक्सची कथा मात्र पुढे चालू राहिली. १९६८ मध्ये कंपनीने अमेरिकेतील शाखेतला आपला हिस्सा विकला. त्यामुळे घरोघर फिरून मिळवलेले आपलेच नाव त्या देशात वापरण्याचा हक्क तिला उरला नाही. १९८६ मध्ये ‘व्हाइट कन्सॉलिडेटेड’ ही मोठी अमेरिकन कंपनी विकत घेऊन ती त्या बाजारपेठेत पुन्हा दाखल झाली आणि २००० मध्ये तिने आपले नाव परत मिळवले. यंत्राची किंमत ठरवता येते. परंतु लोकांच्या मनात रुजलेल्या नावाची किंमत ते हातचे गेल्यावरच कळते.