नथॅनियल हॉथॉर्न
नथॅनियल हॉथॉर्न (४ जुलै, १८०४ - १९ मे, १८६४) हे अमेरिकन कादंबरीकार व कथालेखक होते. न्यू इंग्लंडच्या वसाहतकालीन इतिहासातील पाप, अपराध आणि प्रायश्चित्त हे त्यांच्या लेखनाचे मुख्य विषय होत.

पूर्वज आणि बालपण
हॉथॉर्न यांचा जन्म मॅसॅच्युसेट्समधील सेलम या बंदराच्या गावी झाला. त्यांचे पूर्वज विल्यम हॅथॉर्न यांनी क्वेकर पंथीयांचा छळ केला होता, तर विल्यम यांचे पुत्र जॉन हे १६९२ च्या सेलम येथील चेटूक खटल्यांत दंडाधिकारी होते. त्या खटल्यांत १९ जणांना फाशी देण्यात आले. हा वारसा हॉथॉर्न यांच्या मनाला कायम सलत राहिला. पुढे त्यांनी आपल्या आडनावाच्या वर्णलेखनात एक अक्षर वाढवले. त्यांचे वडील जहाजाचे कप्तान होते. १८०८ मध्ये सुरिनाममध्ये त्यांचे निधन झाले.

साहित्य आणि इतिहास
१८२५ मध्ये बोडन महाविद्यालयातून पदवी घेतल्यावर हॉथॉर्न सेलमला परतले. पुढील सुमारे बारा वर्षे त्यांनी लेखन आणि न्यू इंग्लंडच्या इतिहासाचे वाचन यांत घालवली. १८३७ मध्ये 'ट्वाइस-टोल्ड टेल्स' हा कथासंग्रह प्रसिद्ध झाला. १८४२ मध्ये सोफिया पीबडी यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

१८४९ मध्ये सत्तांतरानंतर सेलमच्या जकात कार्यालयातील नोकरी गेली आणि त्यांनी 'द स्कार्लेट लेटर' (१८५०) ही कादंबरी लिहिली. सतराव्या शतकातील बॉस्टनमध्ये व्यभिचाराची खूण म्हणून छातीवर अक्षर वागवावे लागणारी हेस्टर प्रिन ही तिची नायिका आहे. 'द हाउस ऑफ द सेव्हन गेबल्स' (१८५१) या कादंबरीत चेटकाच्या आरोपाआड बळकावलेल्या जमिनीचा शाप पुढील पिढ्यांना भोवतो. घटनांची नोंद करण्यापेक्षा त्यांचे माणसांच्या मनावरील ओझे दाखवणे, हे हॉथॉर्न यांच्या इतिहासदृष्टीचे वैशिष्ट्य होय.

अखेरची वर्षे
महाविद्यालयीन मित्र फ्रँकलिन पिअर्स यांच्या अध्यक्षीय निवडणुकीसाठी हॉथॉर्न यांनी १८५२ मध्ये त्यांचे चरित्र लिहिले. गुलामगिरी मानवी प्रयत्नांनी नव्हे, तर काळाच्या ओघात नाहीशी होईल, अशी भूमिका त्यांनी त्यात मांडली. पूर्वजांच्या अन्यायाचा निर्भीडपणे शोध घेणाऱ्या या लेखकाने स्वतःच्या काळातील सर्वांत मोठ्या अन्यायाविषयी घेतलेली ही भूमिका टीकेचा विषय ठरली. १८५३ ते १८५७ या काळात ते लिव्हरपूल येथे अमेरिकेचे वाणिज्यदूत होते. यादवी युद्ध सुरू असतानाच, पिअर्स यांच्यासमवेत प्रवासात असताना न्यू हॅम्पशायरमधील प्लिमथ येथे त्यांचे निधन झाले.