‘मॉनिटर’चे जनक जॉन एरिक्सन

अमेरिकेच्या यादवी युद्धात ९ मार्च १८६२ रोजी व्हर्जिनियातील हॅम्प्टन रोड्स येथे दोन चिलखती आगबोटी सुमारे चार तास एकमेकींवर तोफा डागत होत्या. त्यांपैकी उत्तरेची ‘मॉनिटर’ ज्यांनी आखली, त्या जॉन एरिक्सन यांना त्याच नौदलाने अठरा वर्षांपूर्वी दूर लोटले होते.

स्वीडनमधील वर्मलँड प्रांतात ३१ जुलै १८०३ रोजी जन्मलेले एरिक्सन कोवळ्या वयातच गोटा कालव्याच्या कामावर रुजू झाले. १८२६ मध्ये ते इंग्लंडला गेले. जहाज पाण्याखालच्या पंख्याने चालवावे, हा त्यांचा ध्यास. पण ब्रिटिश नौदलाने तिकडे लक्ष दिले नाही. अखेर १८३९ मध्ये त्यांनी अमेरिका गाठली.

तेथे त्यांनी पंख्यावर चालणारी ‘प्रिन्स्टन’ ही युद्धनौका आखली. २८ फेब्रुवारी १८४४ रोजी तिच्यावरील तोफ फुटून परराष्ट्रमंत्री व नौदलमंत्र्यांसह सहा जण ठार झाले. ती तोफ कप्तान रॉबर्ट स्टॉक्टन यांनी बनवून घेतलेली होती. ठपका मात्र एरिक्सन यांच्यावर आला आणि त्यांचा मोबदलाही अडवला गेला.

१८६१ मध्ये दक्षिणेने ‘मेरिमॅक’ या बोटीवर लोखंडी चिलखत चढवून ‘व्हर्जिनिया’ सज्ज करायला घेतली, तेव्हा याच एरिक्सन यांचा आराखडा नौदलाला स्वीकारावा लागला. करार शंभर दिवसांचा. ३० जानेवारी १८६२ रोजी ब्रुकलिन येथे बोट पाण्यात उतरली. डेक पाण्यापासून जेमतेम दीड फूट वर आणि मध्यभागी वाफेवर फिरणारा बुरूज. त्यात ११ इंची दोन तोफा. नेम धरण्यासाठी जहाज वळवण्याची गरजच उरली नाही.

८ मार्च रोजी ‘व्हर्जिनिया’ने दोन लाकडी युद्धनौकांचा विध्वंस केला, दुसऱ्या दिवशी ‘मॉनिटर’ने तिला रोखले. लढत अनिर्णित राहिली. तोफा फुटण्याच्या धास्तीने नौदलाने बाराची दारू १५ पौंडांवर मर्यादित केली होती, याचे शल्य एरिक्सन यांना होते. ‘प्रिन्स्टन’ने त्यांचा पिच्छा सोडला नव्हता, असेच म्हणावे लागेल.

बोटीतही उणीव होतीच. बुटक्या डेकमुळे खवळलेला समुद्र तिला सोसवेना. ३१ डिसेंबर १८६२ रोजी केप हॅटेरसजवळ ती बुडाली आणि १६ जण दगावले. तिचे नाव मात्र एका नौकाप्रकारालाच मिळाले. मुंबई बंदराच्या रक्षणासाठी ब्रिटिशांनी पुढे बांधलेल्या ‘मॅग्डाला’ व ‘अॅबिसिनिया’ याच धाटणीच्या होत्या.

एरिक्सन यांचे ८ मार्च १८८९ रोजी न्यूयॉर्कमध्ये निधन झाले. पुढील वर्षी अमेरिकी नौदलाच्याच ‘बाल्टिमोर’ या युद्धनौकेने त्यांचे पार्थिव स्वीडनला पोहोचवले.