पहिल्या ‘हिरोईन’ला मिशी होती! फाळकेंनी तारामती कशी घडवली?

दादासाहेब फाळके भारतीय सिनेमाचे जनक, हे सगळ्यांना माहिती आहे. पण ‘राजा हरिश्चंद्र’चा मेकअपही त्यांनीच सांभाळला होता, हे फारसं सांगितलं जात नाही.

त्यांचा जन्म त्र्यंबकेश्वरचा, ३० एप्रिल १८७० चा. मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, बडोद्याचं कलाभवन, फोटोग्राफी, छपाई, अगदी जादूचे प्रयोगसुद्धा त्यांनी केले. हे सगळं पुढे कामी आलं. कारण तेव्हाच्या फिल्मवर लाल रंग काळपट उमटायचा. ओठ लाल रंगवले की पडद्यावर काळे!

खरी अडचण वेगळीच होती. तारामती व्हायला एकही बाई तयार होईना. शेवटी ग्रँट रोडच्या हॉटेलात स्वयंपाक करणारे अण्णा साळुंके सापडले. आता प्रश्न मिशीचा. वडील गेल्यावरच मिशी काढायची, अशी तेव्हाची रीत. त्यामुळे बायकांची कामं करणारे पुरुष मिशीला वस्तरा लावू देईनात. फाळकेंनी कशीबशी त्यांची समजूत काढली. ३ मे १९१३ ला सिनेमा मुंबईत झळकला.

त्याच वर्षी फाळकेंनी नाशिकला बस्तान हलवलं. ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची लेक कमलाबाई पडद्यावर आल्या. तरी १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये सीता पुन्हा साळुंकेच. आणि राम? तोही तेच!

१९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये उलटं झालं. बाळकृष्ण झाली फाळकेंची मुलगी मंदाकिनी.

१६ फेब्रुवारी १९४४ ला फाळकेंचं नाशिकमध्येच निधन झालं.