शांतिसेनेचे प्रणेते : आचार्य विनोबा भावे

सन १९३२ च्या फेब्रुवारी महिन्यात धुळ्याच्या कारागृहात दर रविवारी एक आगळी सभा भरू लागली. वक्ता कैदी होता, श्रोते कैदी होते आणि वक्त्याचा शब्द न् शब्द टिपून घेणारा लेखकही कैदीच होता. वक्ते होते विनोबा आणि लेखणी चालविणारे होते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमधील नोकरी सोडून स्वातंत्र्यलढ्यात उतरलेले साने गुरुजी. २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात अठरा रविवारी गीतेच्या अठरा अध्यायांवर प्रवचने झाली. तीच पुढे 'गीता प्रवचने' या नावाने भारतातील बहुतेक सर्व भाषांत पोहोचली. ग्रंथ सर्वांना ठाऊक आहे; परंतु त्याच तुरुंगात घडलेली दुसरी गोष्ट फारशी सांगितली जात नाही. सत्याग्रही कैद्यांपैकी अनेकांचा सक्तमजुरीला विरोध होता आणि त्यावरून अधिकाऱ्यांशी रोज खटके उडत. विनोबाजींनी वाद घातला नाही. ते स्वतः दळणाला बसले, इतरांनाही श्रमाची गोडी लावली आणि जेथे संघर्ष पेटायचा तेथे आश्रमासारखी शिस्त आली. भांडण विझविण्यासाठी उपदेशापेक्षा एखादे काम अंगावर घ्यावे, ही त्यांची रीत खानदेशाने अशी फार लवकर पाहिली.

विनायक नरहर भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यातील गागोदे या लहानशा गावी झाला. मातोश्री रुक्मिणीबाई अत्यंत भाविक होत्या. पुढे कुटुंब बडोद्यास गेले. १९१६ साली इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईस निघालेला हा तरुण मध्येच गाडी बदलून काशीस गेला आणि त्याच वर्षी जून महिन्यात अहमदाबादजवळच्या कोचरब आश्रमात महात्मा गांधींना भेटला. १९२१ साली गांधीजींनी त्यांना वर्ध्याच्या आश्रमाची जबाबदारी दिली. १९४० साली वैयक्तिक सत्याग्रहाचा पहिला सत्याग्रही म्हणून गांधीजींनी त्यांचीच निवड केली, तेव्हा देशातील पुष्कळांनी हे नाव प्रथमच ऐकले. कीर्तीपासून इतकी वर्षे दूर राहिलेला माणूस विरळाच.

शांतिसेनेची कल्पना मुळात गांधीजींची होती. दंगल उसळली की पोलीस आणि लष्कर यांना बोलवावे लागते. त्याऐवजी प्रत्येक वस्तीत निःशस्त्र आणि जिवावर उदार अशी माणसे असावीत, असे त्यांच्या मनात अनेक वर्षे घोळत होते. ३० जानेवारी १९४८ रोजी त्यांची हत्या झाली आणि ते काम राहून गेले. त्याच वर्षी पंडित नेहरूंच्या विनंतीवरून विनोबाजी दिल्ली व मेवात भागात गेले. फाळणीच्या दंगलीत घरदार गमावलेल्या मेव मुसलमानांना पुन्हा त्यांच्या गावी वसविण्याचे ते काम होते. ज्यांच्या मनात भीती होती आणि ज्यांच्या मनात राग होता, त्या दोघांशीही बोलावे लागे. मोडलेले घर काही महिन्यांत उभे राहते, शेजाऱ्यावरचा मोडलेला विश्वास उभा राहायला फार काळ लागतो, हे त्यांनी तेथे जवळून पाहिले.

भूदानाचा उगमही हिंसेच्या प्रदेशातच झाला, हे आपण बहुधा विसरतो. तेलंगणात जमिनीच्या प्रश्नावरून सशस्त्र उठाव चालू होता. रात्री बंडखोर येत, दिवसा पोलीस येत आणि गावकरी दोघांच्या मध्ये भरडले जात. मार्च १९५१ मध्ये विनोबाजी पवनारहून पायी निघाले. हैदराबादजवळच्या शिवरामपल्ली येथील सर्वोदय संमेलन आटोपल्यावर ते त्या अशांत भागात शिरले. १८ एप्रिल रोजी नलगोंडा जिल्ह्यातील पोचमपल्ली येथे तेथील हरिजनांनी ८० एकर जमीन मागितली आणि गावचे जमीनदार रामचंद्र रेड्डी यांनी १०० एकर देण्याची घोषणा केली. त्या दिवसापासून तेरा वर्षे हा कृश देहाचा पथिक देशभर चालत राहिला. चाळीस लाखांहून अधिक एकरांची दानपत्रे जमली. त्यातील बरीच जमीन पडीक निघाली, बरीच वाटलीच गेली नाही, ही गोष्ट त्यांचे चाहतेही नाकारत नाहीत. तरी परिग्रहातून हिंसा जन्मते, हे श्रावकाला परिचित असलेले सूत्र एवढ्या मोठ्या प्रमाणावर शेतीच्या बांधावर नेऊन ठेवण्याचे काम दुसऱ्या कोणी केलेले दिसत नाही. सातपुड्याच्या कुशीतील अक्राणी महालातही ग्रामदानाचा विचार पोहोचला होता.

या यात्रेत त्यांना मारही खावा लागला. सप्टेंबर १९५३ मध्ये बिहारातील वैद्यनाथधाम येथे ते हरिजनांसह देवदर्शनास गेले असता पंड्यांनी हल्ला केला. त्या आघाताने त्यांच्या एका कानाची श्रवणशक्ती गेली. परंतु हल्लेखोरांना शिक्षा व्हावी असे त्यांनी म्हटले नाही. पुढे २९ मे १९५८ रोजी पंढरपुरात, ज्या मंदिराची दारे सर्वांना उघडावीत म्हणून साने गुरुजींनी १९४७ साली प्राणांतिक उपोषण केले होते त्याच विठ्ठल मंदिरात, विनोबाजींनी अन्यधर्मीय सहकाऱ्यांसह प्रवेश केला आणि या वेळी त्यांचे स्वागत झाले. गुरुजी ते पाहण्यास नव्हते. ते १९५० सालीच निवर्तले होते.

सन १९५७ मध्ये केरळच्या पदयात्रेत विनोबाजींनी शांतिसेनेची प्रत्यक्ष स्थापना केली. केरळचे ज्येष्ठ नेते के. केळप्पन तिचे पहिले सेनापती झाले. विनोबाजींचा हिशेब अगदी साधा होता. दर पाच हजार लोकवस्तीमागे एक शांतिसैनिक, म्हणजे त्या वेळच्या भारतासाठी सत्तर हजार. सैनिकाने सत्य व अहिंसा यांवर निष्ठा ठेवावी, कोणत्याही राजकीय पक्षाचे सभासद असू नये, जात-धर्म असा भेद मानू नये आणि हाक आली की प्राणांची पर्वा न करता जेथे पाठविले जाईल तेथे जावे, अशा अटी होत्या. हातात काठीसुद्धा नसायची.

परंतु या सेनेचे खरे वैशिष्ट्य त्या अटींत नव्हते, ते तिच्या रोजच्या कामात होते. अशांतता नसेल तेव्हा शांतिसैनिकाने काय करायचे, या प्रश्नाला विनोबाजींचे उत्तर सेवा हे होते. आपल्या पाच हजारांतील प्रत्येक घर त्याने ओळखले पाहिजे. कोण आजारी आहे, कोणाचा कोणाशी वाद आहे, कोणाच्या घरी चूल पेटली नाही, हे त्याला ठाऊक हवे. असे वर्षानुवर्षे चालले तरच एखाद्या संध्याकाळी जमाव जमला असता त्याच्या पुढे उभे राहण्याचा अधिकार त्याला मिळेल. ज्याला गल्लीत कोणी ओळखत नाही, त्याचे ऐन दंगलीत कोण ऐकणार? आग लागल्यावर विहीर खणायला घेण्यासारखे ते होय. विनोबाजींच्या साऱ्या विचारात हा भाग आपल्या शहरांसाठी सर्वांत मोलाचा आहे. आणि तोच सर्वांत अवघड असल्यामुळे त्याच्याकडे सर्वांत कमी लक्ष गेले.

सैनिकाच्या निर्वाहाचा विचारही त्यांनी केला. सरकारी अनुदान नको आणि एखाद्या धनिकाची मर्जीही नको, म्हणून सर्वोदय-पात्राची कल्पना निघाली. घरात एक भांडे ठेवावे आणि रोज घरातील लहान मुलाच्या हाताने त्यात मूठभर धान्य टाकावे. मोठ्यांची मूठ मोठी असते, तरी मूल का? कारण ते रोजचे संस्कार होते. धान्य किती जमते याहून, या घरातून अशांततेला साथ मिळणार नाही अशी ती मूक संमती आहे, याला विनोबाजी अधिक महत्त्व देत. पर्वकाळी जीवदयेसाठी पेटी ठेवणाऱ्या घरांना ही पद्धत परकी वाटण्याचे कारण नाही.

पुढे आशादेवी आर्यनायकम्, जयप्रकाश नारायण आणि महादेवभाई देसाईंचे पुत्र नारायणभाई देसाई यांनी हे काम उचलले. काशीला मुख्यालय झाले, प्रशिक्षणाची शिबिरे भरू लागली. तेथे अफवेचा उगम शोधून ती खोडून काढणे, दोन्ही बाजूंच्या वस्त्यांत जोडीने फिरणे, निर्वासितांच्या छावण्यांत काम करणे अशा गोष्टी शिकविल्या जात. १९६९ च्या अहमदाबादच्या दंगलीत आणि त्यानंतर भिवंडीत शांतिसैनिक जाऊन राहिले. या प्रयोगाकडे परदेशांचेही लक्ष गेले. १९६२ च्या आरंभी लेबनॉनमध्ये स्थापन झालेल्या जागतिक शांती पथकाच्या आणि १९८१ साली कॅनडात स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय शांती पथकाच्या उभारणीत भारतीय शांतिसैनिकांचा वाटा होता.

चंबळच्या खोऱ्यातील प्रसंग सर्वश्रुत आहे. फाशीची शिक्षा झालेला, दरोडेखोर मानसिंहाचा मुलगा तहसीलदारसिंह याने तुरुंगातून विनोबाजींना पत्र पाठविले. निवृत्त मेजर जनरल यदुनाथसिंह यांच्या साहाय्याने मे १९६० मध्ये विनोबाजी भिंड-मोरेना भागात पायी फिरले आणि वीस दरोडेखोरांनी त्यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. विनोबाजींनी कोणालाही शिक्षा माफ होण्याचे आश्वासन दिले नव्हते. खटले चालले, शिक्षाही झाल्या. खुनी माणसांना प्रतिष्ठा मिळते, अशी टीका पोलीस खात्यातून झाली आणि ज्यांचे आप्त मारले गेले त्यांच्या बाजूने पाहिले तर ती टीका अगदीच निराधार नव्हती. तथापि काही वर्षांनी माधोसिंह नावाचा दरोडेखोर वेषांतर करून पवनारला आला. विनोबाजींनी त्याला जयप्रकाशजींकडे पाठविले आणि १९७२ साली त्या खोऱ्यात शेकडोंनी शस्त्रे खाली ठेवली.

याच्या उलट बाजूही पाहिली पाहिजे. ७ मे १९७० रोजी भिवंडीत दंगल पेटली आणि दुसऱ्याच दिवशी, ८ मे रोजी, जळगाव पेटले. दोन शहरांमध्ये शेकडो किलोमीटरचे अंतर असूनही वार्ता आणि अफवा यांना एक दिवस पुरला. भिवंडी, जळगाव आणि महाड येथील दंगलींची चौकशी न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने केली आणि तिला काही वर्षे लागली. दर पाच हजारांमागे एक या मापाने जळगावसारख्या शहराला किती शांतिसैनिक हवे होते, याचा हिशेब कोणालाही करता येईल. देशात सत्तर हजारांचा आकडा कधीच गाठला गेला नाही. जे तयार झाले ते काही हजार. माणसे विनोबाजींच्या दर्शनाने भारावून प्रतिज्ञा घेत आणि पदयात्रा पुढे सरकली की आपापल्या व्यवहारात परतत. एका थोर पुरुषाच्या सान्निध्यावर उभी राहिलेली संस्था त्याच्या पाठीमागे कशी टिकवायची, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्याकडे नव्हते.

पुढे तर घरातच फूट पडली. १९७४ साली बिहारच्या आंदोलनावरून सर्वोदय परिवारात मतभेद झाले. बहुतेक कार्यकर्ते जयप्रकाशजींच्या मागे गेले, काही विनोबाजींबरोबर राहिले. त्या वर्षाच्या २५ डिसेंबरपासून विनोबाजींनी वर्षभराचे मौन घेतले. आणीबाणीच्या काळात त्यांच्या नावाने 'अनुशासनपर्व' हा शब्द गाजला आणि त्याबद्दल त्यांच्यावर कठोर टीका झाली. शांतिसेनेचे काम या वादळात विखुरले. दुसऱ्यांची भांडणे मिटविणाऱ्या परिवाराला आपल्या घरातील भांडण मिटविता आले नाही, ही या चरित्रातील सर्वांत खेदाची गोष्ट होय.

नेमक्या त्याच वर्षांत जैन समाजाच्या दृष्टीने एक ऐतिहासिक कार्य त्यांच्या हातून घडले. भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाच्या निमित्ताने सर्व संप्रदायांना मान्य होईल असा एक सारग्रंथ जैनांनी सिद्ध करावा, असा आग्रह विनोबाजींनी अनेक वर्षे धरला होता. क्षुल्लक जिनेंद्र वर्णीजींनी संकलनाचे परिश्रम घेतले. नोव्हेंबर १९७४ च्या अखेरीस दिल्लीत संगीती भरली. आचार्य तुलसी, मुनी विद्यानंद, मुनी सुशीलकुमार अशा श्रेष्ठींच्या उपस्थितीत दिगंबर आणि श्वेतांबर, मूर्तिपूजक, स्थानकवासी आणि तेरापंथी एकत्र बसले, पाठांवर चर्चा झाली आणि ७५६ गाथांचा 'समणसुत्तं' सर्वसंमतीने सिद्ध झाला. १९७५ च्या महावीर जयंतीला तो सर्व सेवा संघाने प्रकाशित केला. शतकानुशतके वेगळे बसलेल्यांना एका चटईवर बसविणे हेही शांतिसैनिकाचेच काम नव्हे काय? फरक इतकाच की येथे दंगल होण्याची वाट पाहिली गेली नाही. आपल्यावर गीतेखालोखाल महावीरांचा प्रभाव आहे, असे विनोबाजी मानत आणि त्यांच्या उत्तरायुष्याने ते दाखवून दिले.

नोव्हेंबर १९८२ च्या पहिल्या आठवड्यात पवनारच्या आश्रमात त्यांना हृदयविकाराचा झटका आला. प्रकृतीला थोडा उतार पडला; परंतु देहाचे प्रयोजन संपले आहे असे जाणून त्यांनी अन्न, पाणी आणि औषध या तिन्हींचा त्याग केला. डॉक्टरांनी आणि मोठमोठ्या नेत्यांनी विनवण्या केल्या, त्यांचा निश्चय ढळला नाही. जैन समाजाने त्यात संथाऱ्याचेच रूप पाहिले. शेवटचे दिवस ते शांत होते, वेदनेची तक्रार नव्हती. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी सकाळी त्यांनी देह ठेवला. तो दिवस दीपावलीचा, महावीर निर्वाणाचा होता. पुढील वर्षी त्यांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले. पवनारला धाम नदीच्या काठी त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले आणि त्यांनीच वसविलेल्या ब्रह्मविद्या मंदिरातील भगिनींनी दुसऱ्या दिवशीची प्रार्थना नेहमीच्या वेळी सुरू केली.