पोराच्या सायकलसाठी जनावरांच्या डॉक्टरनं टायर बनवला, त्याच्याच नावानं आज उसाची बैलगाडी ओळखली जाते

गळीत हंगामात कधी बारामतीवरून भवानीनगरला किंवा माळेगावला गेलात, तर कारखान्याच्या अलीकडं एक रांग लागलेली दिसते. ट्रॅक्टर, ट्रॉल्या, ट्रक आणि मधूनमधून बैलगाड्या. ऊस इतका भरलेला असतो की मागून बघितलं तर बैल दिसतच नाहीत, नुसता उसाचा डोंगर हळूहळू पुढं सरकतोय असं वाटतं.

या बैलगाड्यांची चाकं बघा. लाकडी आरे नाहीत, लोखंडी धाव नाही. ट्रकला असतात तसले रबरी टायर आहेत. तोडणी मजुरांच्या भाषेत ही टायरगाडी. कोण कुठल्या पद्धतीनं ऊस वाहतो यावरून टोळ्यांचीसुद्धा नावं पडलीत, डोकी सेंटर, गाडी सेंटर, टायर सेंटर. आणि जुन्या माणसांना विचारलं तर या गाडीचं अजून एक नाव कळतं, डनलॉप.

डनलॉप ही टायरची कंपनी, एवढं आपल्याला माहीत असतं. पण डनलॉप हा एक माणूस होता, आणि तो इंजिनियर नव्हता की कारखानदार नव्हता. तो घोड्यांना औषध देणारा जनावरांचा डॉक्टर होता. त्यानं जे शोधून काढलं त्यावर आज इंदापूरचं डाळिंब, बारामतीचं दूध आणि प्रत्येक गावातली पिकअप पळते. त्याच्या वाट्याला मात्र फार काही आलं नाही. कसं, तेच सांगतो.

जॉन बॉइड डनलॉपचा जन्म ५ फेब्रुवारी १८४० चा. स्कॉटलंडमधल्या ड्रेगहॉर्न गावातलं शेतकऱ्याचं घर. हा दोन महिने आधी जन्मलाय, असं घरच्यांनी त्याला लहानपणीच सांगितलं होतं. त्यामुळं आपली तब्येत नाजूक आहे हे त्याच्या डोक्यात जे बसलं, ते शेवटपर्यंत गेलं नाही. गडी आयुष्यभर जपून राहिला. जपण्याचा उपयोग झाला म्हणा किंवा तो मुळातच ठणठणीत होता म्हणा, म्हातारपणापर्यंत त्याला कुठलं मोठं दुखणं झालं नाही.

एडिनबरामध्ये तो जनावरांचा डॉक्टर झाला. १८६७ मध्ये आयर्लंडला गेला, भावासोबत डाउनपॅट्रिक गावात दवाखाना काढला आणि नंतर बेलफास्ट शहरात मे स्ट्रीटवर बस्तान बसवलं. तो काळ घोड्यांचा होता. ट्राम घोड्यावर, माल घोड्यावर, साहेबाची बग्गी घोड्यावर. त्यामुळं जनावरांच्या डॉक्टरला मरण नव्हतं. १८८० च्या दशकात डनलॉपचा दवाखाना आयर्लंडमधल्या सगळ्यात मोठ्या दवाखान्यांत गणला जायचा. १८७१ मध्ये लग्न झालं होतं, एक मुलगी, एक मुलगा. म्हणजे वयाची पंचेचाळिशी ओलांडलेला, पैसापाणी बरा असलेला, दाढीवाला डॉक्टर. अशा माणसाला टायरच्या भानगडीत पडायची गरज काय?

कारण होतं पोरगं.

जॉनी साधारण दहा वर्षांचा. त्याला तीन चाकी सायकल होती. चाकांवर भरीव रबराची पट्टी, आणि बेलफास्टचे रस्ते दगड बसवलेले. भरीव रबर म्हणजे दगड थेट बुडाला लागणार. दगडी वाटेवर बैलगाडीच्या साट्यात बसून जो गेलाय त्याला हे दुखणं समजावून सांगायला नको.

ऑक्टोबर १८८७ मध्ये डनलॉपनं एक लाकडी चकती घेतली. रबराच्या पातळ पत्र्याची नळी केली, तिच्यात हवा भरली आणि वरून कापड गुंडाळून ती चकतीवर बसवली. मग अंगणात दोन चाकं लोटली. एक सायकलचं नेहमीचं, एक हे फुगवलेलं. नेहमीचं चाक थोडं जाऊन पडलं. फुगवलेलं चाक पार अंगणाच्या टोकापर्यंत गेलं, फाटकाच्या खांबाला धडकलं आणि उलटं परत आलं.

इथं थोडं थांबू, कारण टायरचं सगळं गणित या एका खेळात आहे. भरीव चाकाला वाटेत खडा आला की अख्ख्या चाकाला खड्याच्या वर चढावं लागतं, त्यात जोर वाया जातो. हवेचं चाक खड्याला पोटात घेतं आणि पुढं जातं. म्हणजे धक्का कमी आणि ओढायला जोरही कमी. डनलॉपला हवा होता पोराच्या बुडाला आराम, सापडला वेग. लाकडी चाकाच्या गाडीपेक्षा टायरगाडीवर तीच बैलजोडी जास्त ऊस ओढते, त्याचं एक मोठं कारण हेच.

७ डिसेंबर १८८८ ला त्याला पेटंट मिळालं. पण लोकांना विश्वास नव्हता. बारीक चाकांच्या जमान्यात हे जाडजूड फुगीर टायर बघून हसायचेच. मग विली ह्यूम नावाच्या सायकलपटूनं हे टायर लावले आणि १८ मे १८८९ ला बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या मैदानावर शर्यतीत उतरला. ह्यूम काही फार गाजलेला खेळाडू नव्हता. तरी जिंकला. मग इंग्लंडमध्ये, लिव्हरपूलला जाऊन तिथंही जिंकला. आता हसणं बंद, ऑर्डरी सुरू.

डब्लिनचे हार्वे ड्यू क्रॉस हे सायकल संघटनेचे अध्यक्ष आणि पक्के व्यापारी. त्यांनी कंपनी उभी करायची ठरवली. डनलॉपनं पेटंट कंपनीला दिलं आणि बदल्यात १५०० शेअर्स घेतले. सगळं झकास चाललं होतं. आणि १८९० मध्ये कळलं की पेटंट टिकणार नाही.

झालं असं होतं की हीच कल्पना ४० वर्षांपूर्वी दुसऱ्या एका माणसानं नोंदवून ठेवली होती. रॉबर्ट विल्यम थॉमसन, तोही स्कॉटलंडचाच. त्यानं १८४५ मध्ये हवा भरलेल्या चाकाचं पेटंट घेतलं होतं आणि लंडनच्या बागेत घोडागाडीला असली चाकं लावून पळवूनही दाखवली होती. पण तेव्हा चांगलं रबर महाग, सायकलचा जमाना यायचा होता, मोटारीचं तर नावच नको. लोक बघून विसरले. डनलॉपला त्याचा पत्ताच नव्हता. त्यानं चोरी केली नव्हती, पण कायद्याला त्याचं काय?

कंपनी वाचली ती दुसऱ्यांच्या डोक्यामुळं. डनलॉपचा टायर चाकाला चिकटवलेला असायचा, पंक्चर काढायचं म्हणजे सगळं उचकटायचं. १८९० मध्येच वेल्च आणि बार्टलेट या दोघांनी कडेला तार किंवा गोठ देऊन काढता-घालता येणारे टायर वेगवेगळे शोधले. कंपनीनं ते हक्क विकत घेतले. आज पंक्चरवाला टॉमी लावून रिमवरून टायर उतरवतो ना, ती सोय डनलॉपची नाही, या दोघांची आहे.

पुढचं थोडक्यात. १८९० च्या दशकाच्या मध्यावर डनलॉप कंपनीतून बाहेर पडला. १८९६ मध्ये टेरा हूली नावाच्या शेअर बाजारातल्या खेळाडूनं ती कंपनी ३० लाख पौंडांना घेतली आणि लगेच ५० लाखांना बाजारात आणली. शोध लावणाऱ्या डॉक्टरच्या वाट्याला यातलं मोठं घबाड आलंच नाही. दाढीवाला चेहरा मात्र कंपनीचा शिक्का बनून जगभर फिरला. डॉक्टरसाहेब डब्लिनमध्ये राहत होते आणि एका कापड दुकानाच्या धंद्यात त्यांचा हिस्सा होता.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं ठीक, पण आमच्या पिकअपला टायर कुठला घ्यायचा ते सांग. सांगतो. कारण त्याचं उत्तरही डनलॉपच्या अंगणातच आहे.

वजन रबर उचलत नाही, हवा उचलते. रबर आणि कापड ही फक्त हवेची पिशवी. हे डोक्यात बसलं की टायर निवडताना पहिला प्रश्न कंपनी कुठली हा राहत नाही, पिशवी किती वजनाची आहे हा होतो. टायरच्या कडेला मापाच्या शेवटी एक आकडा असतो, त्याला लोड इंडेक्स म्हणतात. १०० म्हणजे एका टायरला ८०० किलो, ११२ म्हणजे ११२० किलो. मागं १०० चे दोन टायर असतील तर मागच्या आसावर १६०० किलोच झेपणार, आणि त्यात गाडीचं स्वतःचं वजनही आलं. स्वस्त मिळतोय आणि रिमला बसतोय म्हणून जीपगाडीचा टायर पिकअपला लावणारे लोक हा आकडा बघतच नाहीत. मग दीड टन कांदा भरून निघालं की मे महिन्यात पुणे-सोलापूर हायवेवर भिगवणच्या आसपास फट्ट होतं.

दुसरं, हवा. हवा कमी असली की टायरची कड प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते, वाकली की तापते, तापली की आतले थर सुटतात. वर डांबर तापलेलं, आत हे. भरलेल्या गाडीला कंपनीनं सांगितलेलं प्रेशर वेगळं असतं आणि ते टायर थंड असताना मोजायचं असतं. महाग टायर घेऊन महिनाभर हवा न बघणारा आणि साधा टायर घेऊन आठवड्याला हवा बघणारा, यात दुसऱ्याचा टायर जास्त टिकेल यावर मी पैज लावायला तयार आहे.

'ऑल सीझन' हा शब्द जाहिरातीत ऐकून बरेच जण तोच टायर मागतात. मुळात ही भाषा बर्फाच्या देशातली. तिथं उन्हाळ्याचे टायर वेगळे, हिवाळ्याचे वेगळे, आणि दोन्हीत चालवून घेणारा तो ऑल सीझन. आपल्याकडं बर्फ कुठंय? आपले सीझन म्हणजे एप्रिलचं तापलेलं डांबर, जुलैचं पाणी आणि काळ्या रानातला चिखल. तेव्हा गाडी फिरते कुठं ते बघा. दिवसभर हायवेनं मार्केट यार्ड आणि परत असेल तर रेडियल, रस्त्याच्या नक्षीचा. तो कमी तापतो आणि जास्त किलोमीटर देतो. वस्तीवरून, मुरमाच्या वाटेनं, चारीच्या कडेनं माल काढायचा असेल तर जाड कडेचा, मोठ्या खाचांचा टायर बरा. कित्येक जण अजून नायलॉनचा टायर घेतात. कमी वेगात, दगडधोंड्यात त्याची कड दणकट पडते हे खरं, पण हायवेला तो जास्त तापतो. काळ्या मातीत मात्र बारीक खाचांची नक्षी दोन फेऱ्यात भरून जाते, मग टायर नवा असो की गोटा, फरक राहत नाही. तिथं खाचा रुंदच पाहिजेत, म्हणजे फिरता फिरता माती बाहेर फेकली जाते.

आणि तारीख. हे मी घरच्या अनुभवावरून सांगतो. आमच्या चुलत्यांनी एका दुकानातून घासाघीस करून पिकअपला दोन 'नवे' टायर आणले. वर्षभरात कडेला बारीक भेगा. नंतर कडेचा चार आकडी नंबर वाचला तेव्हा कळलं, टायर दुकानातच चार वर्षं पडून होते. त्या नंबरातले पहिले दोन आकडे आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. २३२४ म्हणजे २०२४ चा २३ वा आठवडा. वाचायला पाच सेकंद लागतात. चुलत्यांनी नंतर त्या दुकानदाराला बरंच काही ऐकवलं, पण टायर काही बदलून मिळाले नाहीत.

नक्षी किती उरली हे बघायला टायरच्या खाचेतच छोटे उंचवटे दिलेले असतात. घासून रबर त्यांच्या बरोबरीला आलं की १.६ मिलीमीटर खाच उरली असं समजायचं. पावसाळ्याच्या तोंडावर एवढ्या टायरवर गाडी काढू नका, पाणी बाहेर जायला जागाच नसते.

राहिले डॉक्टर. आयुष्यभर तब्येतीला जपणाऱ्या डनलॉपना ऑक्टोबर १९२१ मध्ये थंडी बाधल्याचं निमित्त झालं आणि २३ तारखेला डब्लिनमध्ये ते गेले. वय ८१. तोवर जगात मोटारी, ट्रक सगळं हवेच्या टायरवर आलं होतं. पुढं उत्तर आयर्लंडच्या नॉर्दर्न बँकेनं त्यांचा चेहरा १० पौंडांच्या नोटेवर छापला.

त्यांच्या नावाच्या कंपनीनं १९३६ मध्ये बंगालमधल्या साहागंजला टायरचा कारखाना काढला, भारतातल्या अगदी सुरुवातीच्या टायर कारखान्यांपैकी एक. तो कारखाना गेली अनेक वर्षं बंद पडलाय. भवानीनगरच्या रांगेतल्या गाड्यांना आज वेगवेगळ्या कंपन्यांचे टायर असतात, बरेचसे ट्रकचे उतरवलेले. गाडीला मात्र म्हातारे अजून डनलॉपच म्हणतात.