कापरेकरांच्या सात पायऱ्या

संगणकाला थांबावे केव्हा हे स्वतःहून उमगत नाही. आज्ञावलीत एखादी क्रिया पुनःपुन्हा करावयास सांगितली आणि ती थांबविण्याची अट कधीच पुरी होणारी नसली, तर यंत्र तक्रार न करता फिरतच राहते. मग कोणीतरी बाहेरून ते काम तोडावे लागते, किंवा अमुक सेकंदांनंतर ते आपोआप तुटेल अशी तजवीज आधीच करून ठेवावी लागते. ही सेकंदांची मर्यादा बहुधा अंदाजाने ठरते. तिच्या तडाख्यात अनंत फेऱ्यात सापडलेली आज्ञावली बंद पडते, तशीच आणखी दोन क्षणांत बरोबर उत्तर देणारीही बंद पडते. घड्याळ लावून काम तोडणे हा अखेर अज्ञानावरचा उपाय होय. किती पावलांत काम संपलेच पाहिजे हे नक्की ठाऊक असणे ही निराळीच गोष्ट. आणि तसे एक निश्चित ज्ञान नाशिकजवळच्या देवळालीतील एका शाळामास्तरांच्या नावावर आहे.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. आठव्या वर्षी आई गेली. वडील कारकून, त्यांना फलज्योतिषाचा नाद होता आणि त्या आकडेमोडीचे संस्कार मुलावर झाले. ठाण्यास शालेय शिक्षण, नंतर पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय, १९२७ साली रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक, १९२९ साली पदवी. पुढचे उच्च शिक्षण झाले नाही. १९३० पासून १९६२ पर्यंत त्यांनी देवळालीस शिक्षकाची नोकरी केली.

उरलेला वेळ संख्यांचा होता. डोंबिवलीच्या परिसरात सुचलेल्या संख्यांना त्यांनी ‘देम्लो’ म्हटले, आपल्या अंकांच्या बेरजेने निःशेष भागल्या जाणाऱ्यांना ‘हर्षद’. गणित परिषदांत ते आपले निष्कर्ष मांडीत आणि अनेक विद्वान त्यांकडे पोरखेळ म्हणून पाहात. लहानसहान नियतकालिकांतून किंवा स्वतः छापलेल्या पुस्तिकांतून ते प्रसिद्ध होत. पदव्यांच्या उतरंडीवर माणूस जोखण्याची आपल्याकडील सवय जुनी आहे, एवढेच येथे म्हणता येईल.

त्यांचा सर्वांत प्रसिद्ध शोध १९४९ सालचा. दारव्ह्याच्या बसस्थानकावर उभ्या असलेल्या कोणत्याही मोटारीचा चार अंकी क्रमांक घ्यावा. चारही अंक सारखे मात्र नसावेत. अंक उतरत्या क्रमाने मांडावेत, त्यातून तेच अंक चढत्या क्रमाने मांडून वजा करावेत, आणि येणाऱ्या उत्तरावर हीच क्रिया पुन्हा करावी. कापरेकरांचे जन्मवर्षच घेतले, तर ९५१० वजा ०१५९ म्हणजे ९३५१. तेथून क्रमाने ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि ६१७४. यापुढे कितीही वेळा वजाबाकी केली तरी ६१७४ हीच संख्या येते. येथे सात पायऱ्या लागल्या, आणि सातांपेक्षा अधिक कोणत्याही क्रमांकास लागत नाहीत.

हे सात फार मोलाचे आहेत. ६१७४ येईपर्यंत थांबू नकोस, अशी आज्ञा विद्यार्थ्याने लिहिली आणि कोणी खोडसाळपणे २२२२ भरले, तर पहिल्याच वजाबाकीत शून्य येते आणि यंत्र शून्यातून शून्य वजा करीत बसते. पण सात फेऱ्यांनंतर थांब, असे लिहिले तर एकही योग्य उत्तर हातचे न जाता वेडा फेरा तुटतो. दोन अंकांवर तीच क्रिया केली तर मात्र स्थिर संख्या मिळतच नाही. ९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ९ असे रहाट चालू होते. चार अंकांच्या संख्या मोजून दहा हजार. त्यामुळे आज ना उद्या जुनी संख्या परत येणार हे उघडच आहे. ती सदैव एकाच ठिकाणी, आणि इतक्या लवकर येते, हे मात्र उघड नव्हते.

असे निश्चित ज्ञान सर्वत्र मिळत नाही. कोणतीही आज्ञावली दिली असता ती थांबेल की नाही हे सांगणारी एकच सार्वत्रिक रीत असू शकत नाही, हे ॲलन ट्युरिंग या इंग्रज गणितज्ञाने १९३६ साली सिद्ध केले. संख्या वाढतच जाणारी असेल तर अडचण दिसू लागते. १९६ घेऊन तिच्यात तिचीच उलटी संख्या मिळवीत जावे, आणि दोन्ही बाजूंनी सारखी वाचता येणारी संख्या मिळताच थांबावे. हे काम जॉन वॉकर यांनी १९८७ साली संगणकास दिले. सुमारे तीन वर्षांनी, १९९० साली, संख्या दहा लाख अंकांची झाली तेव्हा ठरविलेल्या मर्यादेनुसार ते थांबले. उत्तर आले नव्हते. कापरेकरांच्या सातांसारखा आकडा तेथे कोणाजवळ नव्हता.

निवृत्तीनंतरचे दिवस ओढग्रस्तीचे गेले. १९६६ साली पत्नीचे निधन झाले. साधी राहणी असूनही निवृत्तिवेतन पुरेना, म्हणून कापरेकरांनी गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या धरल्या. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले आणि देवळालीच्या मास्तरांचे नाव जगभर पोचले. तेव्हा त्यांनी सत्तरी गाठली होती. १९८६ साली ते वारले. आज प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्यांना त्यांची ही वजाबाकी सरावासाठी दिली जाते. त्यांनी स्वतः ती हाताने केली होती.