पुण्याच्या दुर्बिणीतून लॉकियरचा अंदाज चुकीचा ठरवणारे कावसजी नायगमवाला

२२ जानेवारी १८९८. नगर जिल्ह्याच्या हद्दीला लागून असलेल्या करमाळा तालुक्यातलं रेल्वेलाईनवरचं जेऊर. (नगर तालुक्यातलं जेऊर वेगळं बरं का.) खग्रास सूर्यग्रहणासाठी अमेरिकेच्या लिक वेधशाळेची माणसं इथं मुक्कामाला होती. याच गावात पुण्याचा एक पारशी प्राध्यापकही आपली उपकरणं लावून बसला होता. कावसजी दादाभाई नायगमवाला.

जन्म १८५७ चा. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले, तिथेच शिकवू लागले. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी ५,००० रुपये दिले, मुंबई सरकारनं तेवढीच भर घातली आणि १८८८ मध्ये पुण्याच्या सायन्स कॉलेजात, म्हणजे आजच्या सीओईपीत, वेधशाळा उभी राहिली. तिथली २० इंची ग्रब दुर्बीण त्या काळी देशात सर्वांत मोठी होती.

अशा दुर्बिणीचा जीव तिच्या खोलगट आरशात. त्याचा आकार केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी कमी चुकला, तरी ताऱ्याचा प्रकाश एका बिंदूत येत नाही. तेव्हाचे कारागीर फूकोच्या पद्धतीनं, सुरीच्या धारेनं प्रकाश अडवून आरशावर दिसणाऱ्या सावल्या डोळ्यांनी वाचायचे. आज आरशावरून आणि एका अचूक नमुन्यावरून परतलेला प्रकाश एकत्र आणतात. मग काळे-उजळ पट्टे उमटतात. एखादा पट्टा एका घरानं सरकला, तर तिथं अर्ध्या तरंगलांबीचा उंचवटा किंवा खड्डा. म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम तीन-चार हजारावा भाग!

आता खरी गंमत. मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाच्या वर्णपटात एक हिरवी रेषा दिसते. ती मॅग्नेशियमच्या पट्ट्याची कड आहे, असं इंग्लंडचे नॉर्मन लॉकियर मानत. तसं असेल तर ती एका बाजूनं पुसट दिसायला हवी. नायगमवालांना ती दोन्ही बाजूंनी रेखीव दिसली. १८९१ मध्ये त्यांनी ते लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापलं. लॉकियर म्हणजे तेव्हाचं केवढं मोठं नाव! पण बरोबर होते नायगमवाला. ती रेषा ऑक्सिजनची, हे १९२७ मध्ये कळलं.

वेधशाळा मात्र त्यांच्या एकट्याच्या खांद्यावर होती. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले, वेधशाळेला टाळं लागलं आणि दुर्बीण तमिळनाडूतल्या कोडाईकनालला गेली. तिथं तिला भावनगर टेलिस्कोप म्हणू लागले. नायगमवाला १९३८ मध्ये वारले.